सातव्या खोलीची कोरी नोंद

४ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार करते, पण दातओठ खात करते, हे आधीच सांगून ठेवते.

इथल्या नर्सच्या इंग्रजी परीक्षेचा निकाल आला. पुन्हा नापास. ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हीत पास, आणि लिहिण्यात अर्ध्या गुणाने आपटले. तीनदाच बसू देतात. दोनदा झालं. आता जूनमधली परीक्षा शेवटची.

तुमच्या भाचीने अकरा वर्षं तिकडे वॉर्ड सांभाळला. शिकाऊ डॉक्टर औषध लिहिताना आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. इथे परदेशात मी वृद्धांच्या निवासात मदतनीस. उठवायचं, धुवायचं, भरवायचं, आणि ड्यूटी संपताना नोंदवहीत प्रत्येक खोलीबद्दल चार ओळी लिहायच्या. ‘ही बाई इंग्रजीत नोंदी नीट ठेवते’ असं मेट्रनने सही करून दिलं तर शेवटच्या परीक्षेला बसता येतं, आणि पास झाले की मी पुन्हा सिस्टर. नाहीतर जन्मभर बेडपॅन.

आणि नोंदींचं काय झालंय ते ऐका. दोन-दोन तुकड्यांची क्रियापदं बाजारू, त्यांच्या जागी एकच भारदस्त शब्द वापर, हे तुम्हीच शिकवलंत ना? मी वापरला. एका आजींनी चहा घेतला नाही, तर मी लिहिलं, ‘द लेडी रिफ्रेन्ड फ्रॉम पार्टेकिंग ऑफ टी.’ ती ओळ स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचली गेली. तेव्हापासून मला सगळे ‘युअर हायनेस’ म्हणतात. इथे कुणी पार्टेक करत नाही हो मामा! इथे टर्न डाउन करतात, लीव्ह इट करतात, गो ऑफ करतात, सगळं नुसतं ‘नको’ म्हणायला.

एक गेट घ्या. गेट अप म्हणजे उठणं. गेट ऑन म्हणजे चढणं, आणि एकमेकांशी पटणंसुद्धा. गेट बाय म्हणजे कसंबसं भागवणं. गेट ओव्हर म्हणजे दुखण्यातून सावरणं. गेट अवे विथ म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं. या सगळ्यांच्या पुढे कॅन, कुड, मे, माइट, शुड, मस्ट यांची वरात. ‘शी माइट नॉट बी एबल टु गेट ओव्हर इट.’ ती यातून बरी होणार नाही कदाचित. नऊ शब्द, आणि त्यात कुठे दुखणं नाही, कुठे बरं होणं नाही! हे कुठून शिकायचं, सांगा. मला वैताग आलाय.

मामींना नमस्कार. त्यांना करताना दातओठ खात नाहीये.

तुमची टिटवी


१३ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

दातओठ खाऊन झाले असतील तर आशीर्वाद.

पाळण्यात असल्यापासून किंचाळतेस, म्हणून मीच तुझं नाव टिटवी ठेवलं. ते अजून सार्थ करतेस याचा आनंद आहे. तुझ्या पत्रात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका आहेत. मी लाल पेनाने दुरुस्त करून पत्र सोबत परत पाठवत आहे.

भारदस्त शब्दांना हसणारी माणसं कोणत्या शाळेत शिकली देव जाणे. पण परीक्षा त्यांचीच आहे, तेव्हा त्यांच्या पद्धतीने जाऊ. दोष भाषेचा नाही, तुझ्या बेशिस्तीचा आहे. नीट समजून घे. शुड, मस्ट, माइट, कुड ही घरातली थोरली मंडळी. ती सगळ्यांच्या पुढे बसतात आणि कुणासाठी बदलत नाहीत. त्यांच्या मागचं क्रियापद साध्या मूळ रूपात यायचं. गेलेल्या गोष्टीबद्दल बोलायचं तर मध्ये हॅव बसवायचं. मग क्रियापदाचं शेपूट: अप, ऑफ, आउट, डाउन. आणि कधी कधी त्या शेपटालाही शेपूट असतं: विथ, टु, ऑन. उदाहरणार्थ, ‘यू शुड हॅव पुट अप विथ इट.’ म्हणजे, तू सहन करायला हवं होतंस. हे केवळ उदाहरण आहे, टोमणा समजू नकोस.

चार रकान्यांचे सहा तक्ते पाठवत आहे. रोज चाळीस पाठ कर, सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस.

आणि तुला आठवीपासून सांगत आलो ते पुन्हा सांगतो. शंका आली की पेन थांबवायचं. कोरी जागा परवडते, चूक परवडत नाही. कोऱ्या जागेवर कुणी लाल रेघ मारू शकत नाही. तिथे जागा सोड आणि मला विचार. पत्रानेच विचार. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते कळत नाही.

तुझा मामा


१ मार्च

ती. मामा,

तक्ते पाठ करतेय. केस विंचरताना करते, मोजे धुताना करते. काल बसमध्ये ‘मस्ट हॅव रन आउट ऑफ’ इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

पण वही समोर आली की सगळं पळून जातं. चार रकाने डोळ्यांपुढे येतात आणि एकमेकांत मिसळतात. शुड घेतलं तर हॅव लागतं का? हॅव घेतलं तर बीन पण? ऑफच्या पुढे विथ की फ्रॉम? तोवर ड्यूटी संपते, पुढचं माणूस दारात उभं असतं.

आता खरी अडचण सांगते. सातव्या खोलीतल्या आजी. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेल्या. माझ्या गणवेशाचं बटण सैल दिसलं की मला उभं करतात आणि टाका घातल्याशिवाय सोडत नाहीत. मी तक्ता पुटपुटताना ऐकलं तर म्हणतात, ‘डोन्ट गिव्ह अप, यू विल पिक इट अप.’ सोडू नकोस, जमेल तुला. इथे मला हायनेस न म्हणणारं तेवढं एकच माणूस आहे.

गेले तीन दिवस त्या ठीक नाहीत. पहिल्या दिवशी चहा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी चहा, पाणी, सूप, सगळं तसंच परत. लघवी थोडी आणि गडद. अंग किंचित कोमट. आज मला मुलीच्या नावाने हाक मारली, आणि चादरीचे धागे नुसते उपसत बसल्या. बटण त्यांना दिसलंच नाही.

हे लिहायचंय. मी कागदावर कच्चं केलंय. ‘शी हॅज गॉन ऑफ हर टी,’ चहा नकोसा झालाय. इथे गॉन ऑफ की गॉन ऑफ फ्रॉम? ‘शी मे बी कमिंग डाउन विथ समथिंग,’ काहीतरी दुखणं येतंय. विथ की बाय? मे की माइट? आणि शेवटी ‘शी शुड बी लुक्ड ॲट,’ की लुक्ड इनटू, की लुक्ड आफ्टर? तिन्ही तक्त्यात आहेत, तिन्ही बरोबर दिसतात.

पुढच्या ड्यूटीच्या मुलीला तोंडी सांगितलं, की आजी बऱ्या नाहीत. ती म्हणाली, वहीत लिही. इथे तसंच आहे, वहीत नाही ते घडलंच नाही. म्हणून तुम्ही सांगता तसं केलंय. तीन दिवस तीन ओळींची जागा सोडून खाली सही केलीय. वाक्य आलं की भरते. लवकर कळवा.

टिटवी


१७ मार्च

चि. टिटवीस,

आशीर्वाद आहेतच. उत्तराला उशीर झाला. माझ्या चष्म्याची काडी मोडली होती, मग पाहुणे होते, शिवाय पोस्टाचंही काही खरं नाही.

तुझा प्रश्न उत्तम आहे. प्रथमच तू विचारपूर्वक काही विचारलंस याचं समाधान वाटलं. गो ऑफ या अर्थाने वापरताना मागे फ्रॉम लावायचं नाही. थेट चहाच यायचा. कम डाउन या दुखण्याच्या अर्थाला मात्र विथ अनिवार्य, बाय संपूर्ण चूक. मे आणि माइट यांत माइट किंचित अधिक संदिग्ध, तेव्हा नोंदीत मे शोभेल. लुक ॲट म्हणजे तपासणं, लुक इनटू म्हणजे चौकशी करणं, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं. आजी असल्याने ॲट. संपूर्ण वाक्य असं होईल: ‘शी हॅज गॉन ऑफ हर टी, मे बी कमिंग डाउन विथ समथिंग, अँड शुड बी लुक्ड ॲट.’ क्रम अगदी बांधेसूद आहे. हे वाक्य सहा वेळा लिहून काढ.

‘कोमट’ ताप मोजून अंशांत लिहावा, तो अधिक शास्त्रीय दिसतो.

तुझा मामा

ताजा कलम. मी मामी लिहितेय. यांनी पाकीट चिकटवायच्या आत मी तुझं पत्र वाचलं, इंग्रजी गाळून. अगं, त्या आजींना दवाखान्यात नेलं ना? हे काही बोलत नाहीत, डिक्शनरी घेऊन बसलेत.


२५ मार्च

मामा,

आज नमस्कार लिहीत नाही. मामींना मात्र आहे. त्यांनी एका ओळीत विचारलं ते तुम्हाला दीड पानात सुचलं नाही!

आजींना तीन मार्चलाच न्यावं लागलं. लघवीतला संसर्ग रक्तात उतरला होता. मी सुट्टीवर होते. सकाळी कुणीतरी खोलीत गेलं तर हाक मारूनही ओ देईनात. मोठ्या दवाखान्यात आठ दिवस यंत्रांवर. आता जीव आहे, पण अजून तिथेच आहेत, आणि चालता येत नाही.

पहिल्या दिवशीच लिहिलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. हे मला कुणी सांगायला नको. अकरा वर्षं मी हेच ओळखत आले. गडद लघवी, पाणी नको, गोंधळलेलं बोलणं. शिकाऊ मुलींना मी स्वतः शिकवलंय, की म्हातारं माणूस बरळायला लागलं तर आधी लघवी तपासा. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी ऑफच्या पुढे फ्रॉम लावू की नको म्हणून बसून राहिले.

मेट्रनने मला बोलावलं. वही उघडली. सातव्या खोलीचं पान. तीन दिवसांच्या तीन कोऱ्या जागा आणि प्रत्येकीखाली माझी सही. तिने त्या जागेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय आहे? विसरले म्हणावं तर सही आहे. पाहिलं नाही म्हणावं तर तेही खोटं. तिला वाटतंय मी खोलीत न जाताच सह्या ठोकल्या.

तुमचं पत्र वेळेत आलं असतं तरी उपयोग नव्हता, हे मला कळतं. पोस्टाने येणाऱ्या वाक्यासाठी ताप थांबत नाही. चूक माझी आहे. पण मला तुमचा इतका राग आलाय की तक्ते फाडून टाकलेत. सहाही.

पंधरा एप्रिलला चौकशी आहे. त्याआधी लेखी खुलासा द्यायचाय. इंग्रजीत.

टिटवी


२ एप्रिल

चि. टिटवीस,

झालं ते वाईट झालं. परंतु तक्ते फाडण्याने काही साधत नाही. ते तयार करायला मला तीन दिवस लागले होते.

खुलासा तुझ्यावर सोडण्यात अर्थ नाही. मी मसुदा करून पाठवत आहे, तसाच्या तसा उतरवून काढ. मुख्य वाक्य असं आहे: ‘इट इज रिग्रेटेड दॅट द मॅटर, विच शुड हॅव बीन लुक्ड इनटू अर्लियर, कुड नॉट बी सेट डाउन ओइंग टु अनअव्हॉयडेबल सर्कमस्टन्सेस.’ म्हणजे, ज्या बाबीकडे आधी लक्ष दिलं जायला हवं होतं, ती अपरिहार्य कारणांमुळे नोंदवली जाऊ शकली नाही, याबद्दल खेद आहे. यात एकही चूक नाही. कुणालाही बोट ठेवता येणार नाही.

मामी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते आणि आत जाते. कारण विचारलं तर म्हणते, टिटवीला विचारा.

तुझा मामा


१७ एप्रिल

मामा,

मसुदा मिळाला. उतरवून काढला नाही.

दहा वेळा वाचला आणि त्यात मी कुठेच सापडले नाही. आजीसुद्धा नाहीत. बाब आहे, खेद आहे, कारणं आहेत, माणूस एकही नाही. असं वाक्य मेट्रनच्या हातात दिलं असतं तर तिने मला खरंच खोटारडी ठरवलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

मी माझं लिहिलं. अर्धं पान. मराठीत सांगायचं तर असं: मी तीन दिवस पाहिलं. मला कळलं होतं. मला चुकीचं इंग्रजी लिहायची भीती वाटली. मी नीट वाक्याची वाट बघत होते. त्यात चुका असणार, कारण मेट्रन वाचताना दोनदा थांबली. मग तिने विचारलं, नीट वाक्य कोण देणार होतं? मी म्हटलं, माझे मामा. तिने माझा कागद घडी घालून वहीत ठेवला. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

निकाल असा. नोकरी राहिली. सही मिळणार नाही. यंदा तर नाहीच, आणि पुढेही, तिला पटेपर्यंत नाही. सहीशिवाय जूनमध्ये बसता येत नाही. म्हणजे आणखी किमान एक वर्ष मी बेडपॅन उचलणार, आणि वरच्या मजल्यावर काल आलेली पोरगी मला उशी कशी ठेवायची ते शिकवणार.

एकच विचारायचंय, आणि खरं सांगा. माझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस का लागले? मामींनी कळवलंय, चष्मा मोडला नव्हता.

टिटवी


२७ एप्रिल

चि. टिटवी,

चष्मा मोडला नव्हता. पाहुणेही नव्हते.

मला येत नव्हतं.

गो ऑफचा हा अर्थ मी कधी ऐकला नव्हता. माझ्या तक्त्यात गो ऑफ म्हणजे बाँब फुटणं. चहा कसा फुटेल हे मला कळेना. मी दोन डिक्शनऱ्या पाहिल्या, मग वाचनालयात गेलो, तिथली मोठी पाहिली. तिथे तो अर्थ होता, पण फ्रॉमबद्दल काही नव्हतं. मी पाच वेळा वाचनालयात गेलो. एवढ्या दिवसांत तुला ‘माहीत नाही’ असं कार्ड टाकता आलं असतं. ते टाकवलं नाही. आजींबद्दलच्या ओळी मी वाचल्या होत्या. उदाहरण म्हणून वाचल्या.

तक्ते माझे नाहीत. आमच्या जुन्या हेडमास्तरांनी ते कुठल्याशा गाइडातून उतरवले होते, मी त्यांच्यावरून उतरवले. त्यांनाही बोलता येत नव्हतं. ज्यांची ही भाषा आहे अशा माणसाशी मी आयुष्यात एकदाही बोललेलो नाही. एकदा शाळा बघायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. इंग्रजीचे मास्तर म्हणून मला पुढे केलं. पोटात दुखतं म्हणून मी मागच्या दाराने घरी आलो. मामीने ओवा दिला. तिला अजून वाटतं पोट दुखत होतं. आता हे पत्र ती वाचेल, म्हणजे कळेल.

वर्गात एखाद्या पोराने हात वर करून मोडकंतोडकं बोलायला सुरुवात केली की मी त्याला पहिल्या चुकीवर बसवायचो. पुढे पुढे कुणी हात वर करेना. वर्ग शांत आहे म्हणून मला शाबासकी मिळायची. तुला मी तसंच घडवलं, आणि त्याला मी इंग्रजी म्हणत होतो.

तुझी परीक्षा मी घालवली. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणतो. माफ कर.

तुझ्या शेवटच्या पत्राला मी लाल पेन लावलेलं नाही.

आजी कशा आहेत?

मामा


९ मे

ती. मामा,

नमस्कार. आज साधाच.

माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही. राग आहे. वरच्या मजल्यावरची पोरगी उशी दाखवायला आली की जास्त येतो. तुम्ही पोटदुखीची गोष्ट लिहिलीत ती मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा रडले. तेवढंच सांगते.

आजी मागच्या आठवड्यात परत आल्या. चाकांच्या खुर्चीवर. हात थरथरतात, सुई धरता येत नाही. पहिले दोन दिवस मला त्यांच्या खोलीत जाववेना. तिसऱ्या दिवशी ड्यूटीच तिथे लागली.

काल दुपारी त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. पुन्हा दिला, पुन्हा सारला. कपाळाला हात लावला तर कोमट. मी सरळ वही घेतली आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून लिहिलं: ‘शी पुश वॉटर. नो ड्रिंक. लिटल हॉट. लास्ट टाइम सेम. प्लीज डॉक्टर नाऊ.’ तशीच उघडी वही घेऊन मेट्रनच्या खोलीत गेले, दार न वाजवता. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि फोन उचलला. डॉक्टर अर्ध्या तासात आले. लघवी तपासली, गोळ्या लगेच सुरू केल्या. कुणी काही मोठ्याने वाचून दाखवलं नाही.

सहीबद्दल मी विचारलं नाही.

वाक्यं चुकली आहेत. त्यात ना शुड आहे ना मस्ट, ना कुठलं शेपूट. कुठे काय हवं होतं ते मला माहीत आहे, आणि जे माहीत नाही तेही कळवू नका.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. रात्री त्यांनी सगळा चहा घेतला. आजी बऱ्या आहेत.

टिटवी